खातं बदला, १७५ पौंड मिळवा : यूकेतला बँक बदलण्याचा बोनस कुणी घेतलाय का?

इंद्रायणी_ते_टेम्स | ११ जानेवारी २०२६, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. रेडिंगला येऊन सात वर्षं होतील, पण बँक अजून तीच. उतरल्या उतरल्या कंपनीच्या एचआरने बोट दाखवलं तिथे खातं उघडलं, ते आजतागायत. शुक्रवारी डबा खाताना एक सहकारी सहज बोलून गेली की तिने तीन वर्षांत चार वेळा बँक बदलली आणि दर वेळी नव्या बँकेने रोख पैसे दिले. मला वाटलं थट्टा करतेय. तिने मोबाइल काढून दाखवलं.

घरी येऊन एका बँकेची करंट खात्याची ऑफर वाचली. १७५ पौंड देणार. अटी अशा: जुनं खातं पूर्ण बंद करून स्विच सेवेतूनच यायचं, सोबत निदान दोन डायरेक्ट डेबिट (खात्यातून आपोआप जाणारी बिलं) आणायची, ६० दिवसांत १५०० पौंड जमा करायचे, त्यांच्या ॲपमध्ये एकदा लॉगिन करायचं. बँकेचं नाव मुद्दाम देत नाही, महिन्या-दोन महिन्यांत ऑफर बदलते म्हणे.

नवरा म्हणतो, "बँक तुला पैसे देणार? बँक?" त्यापुढे त्याचं काही म्हणणं नाही. इथे कुणी केलंय का? फसायला होतं ते कुठे?

चिंचवडचा_चिकू | ११ जानेवारी, रात्री ९:५८

ताई, एक बाळबोध शंका. करंट खातं तर दुकानदारांचं असतं ना? नोकरदाराला करंट खातं कशाला?

हिशेबनीस | ११ जानेवारी, रात्री १०:३१

चिकू, शब्दाचा घोटाळा आहे. आपल्याकडे करंट खातं धंद्याचं, व्याज नाही. इथे पगार येतो, भाडं जातं, कार्ड चालतं, ते सगळ्यांचंच खातं करंट. आपल्या बचत खात्याचं काम इथे करंट खातं करतं. इथलं सेव्हिंग्ज म्हणजे बाजूला काढून ठेवलेले पैसे, त्याला बहुतेकदा कार्डही नसतं.

आता मूळ प्रश्न. ही सोय खरी आहे, भुरट्यांची नाही. 'करंट अकाउंट स्विच सर्व्हिस' सप्टेंबर २०१३ मध्ये सुरू झाली. त्याच्या आधी बँक बदलायला अठरा ते तीस दिवस जायचे आणि मधे एखादं बिल हमखास लटकायचं, म्हणून लोक बदलतच नसत. २००८ च्या पडझडीनंतर सर जॉन व्हिकर्स यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला होता. त्याने २०११ च्या अहवालात सांगितलं की लोक जागचे हलत नाहीत तोवर बँकांना स्पर्धेची धग लागणार नाही. त्यातून ही सेवा आली. आता सात कामकाजाच्या दिवसांत होतं, शनिवार-रविवार आणि बँक हॉलिडे सोडून. डायरेक्ट डेबिट, स्टँडिंग ऑर्डर, शिल्लक, सगळं नवी बँक उचलून नेते. जुन्या खात्यावर चुकून कुणी पैसे पाठवले तर निदान तीन वर्षं ते आपोआप नव्यावर वळतात. आणि या सगळ्यात गडबड होऊन दंड किंवा व्याज बसलं तर ते नवी बँक भरून देते, तशी हमीच आहे.

नवरोबांना सांगा, बँक दान करत नाहीये. एकदा पगार ज्या खात्यात यायला लागतो तिथून माणूस वर्षानुवर्षं हलत नाही. तुम्हीच सात वर्षं हलला नाहीत. पडून राहणाऱ्या शिलकीवर बँक जवळजवळ काही देत नाही, पुढेमागे गृहकर्जही तिथूनच घेतलं जातं. १७५ हा त्या आळसाचा आगाऊ भाव आहे.

चिंचवडचा_चिकू | ११ जानेवारी, रात्री १०:४४

म्हणजे मोबाइल नंबर तोच ठेवून कंपनी बदलतो तसं?

हिशेबनीस | ११ जानेवारी, रात्री १०:५५

जवळपास. फक्त इथे खाते क्रमांक बदलतो आणि जुन्याकडे येणारं सगळं नव्याकडे ढकललं जातं. आपल्याकडे मोबाइलची सोय जानेवारी २०११ पासून देशभर आहे. बँक खात्याचाही नंबर तोच ठेवून बँक बदलता यावी, असं रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर एस. एस. मुंद्रा २०१७ मध्ये बोलले होते. सामान्य खातेदाराच्या हातात अजून काही पडलेलं नाही.

लीड्सकर | १२ जानेवारी, सकाळी ७:२०

मी या धंद्यातला जुना खेळाडू, आत्तापर्यंत पाच वेळा केलंय. बिनधास्त करा, पण मुख्य खातं हलवू नका! दुसऱ्या कुठल्यातरी बँकेत एक रिकामं जास्तीचं खातं उघडायचं, त्यावर दोन किरकोळ डायरेक्ट डेबिट लावायची (मोबाइलचं सिम आणि एखाद्या संस्थेला महिना दोन पौंड देणगी), आणि बळीचा बकरा म्हणून तेच पुढे करायचं. पगाराचं खातं जागच्या जागी. १५०० पौंड पगाराचेच हवेत असं बहुतेक ठिकाणी लिहिलेलं नसतं. आज टाकले, उद्या काढले, तरी चालतं. अटी मात्र शब्द न् शब्द वाचायच्या.

इंद्रायणी_ते_टेम्स | १२ जानेवारी, सकाळी ८:०५

बळीचा बकरा 😀 पण माझी तेवढी उरक नाही. आहे तेच खातं नेते. तसंही त्या बँकेवर जीव नाहीच. काल रात्री मोबाइलवरून अर्जही करून टाकला.

हिशेबनीस | १२ जानेवारी, दुपारी १:१५

केलात? मग उशिरा सांगतोय, पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी. अर्ज केला की बहुतेक बँका क्रेडिट फाइल (आपल्या सिबिलसारखी) उघडून बघतात आणि त्या बघण्याची नोंद फाइलवर राहते. एका नोंदीने बिघडत नाही. लीड्सकरांसारख्या ओळीने नोंदी असतील आणि पुढच्या सहा महिन्यांत घराचं कर्ज घ्यायचं असेल, तर आधी घर घ्या, बोनस नंतर. दोनशे पौंडांसाठी गृहकर्जाच्या दरात पाव टक्का गमावणं म्हणजे कवडीसाठी रुपया.

दुसरं, मतदार यादीत नाव आहे का? भारतीय पासपोर्टवर इथे कायदेशीर राहणारा माणूस राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून मत देऊ शकतो, अगदी संसदेच्या निवडणुकीतसुद्धा. आपल्या अर्ध्या लोकांना हे ठाऊकच नसतं. यादीत नाव असलं की पत्ता पटतो आणि बँकेचा अर्ज पटकन सरकतो.

मोगरा_२ | १२ जानेवारी, रात्री ८:४०

इंद्रायणी, थांब थोडी. जुन्या खात्याची सगळी स्टेटमेंटं उतरवून घेतलीस का? खातं बंद झालं की त्या बँकेच्या ॲपमध्ये शिरता येत नाही.

आमचं सांगते. आयएलआरच्या (इथे कायम राहण्याच्या परवानगीच्या) वेळी पगार खात्यात जमा झाल्याचा कागद लागणार होता, आणि मी इथे आल्यापासून आम्ही एकत्र राहतोय याचा पुरावा म्हणून संयुक्त खात्याची जुनी स्टेटमेंटंही हवी होती. खातं आठ महिन्यांपूर्वी स्विच करून बंद! फोन केला तर म्हणाले टपालाने पाठवू. पहिलं पाकीट जुन्या पत्त्यावर गेलं. दुसरं आलं ते अर्ज भरायच्या चार दिवस आधी. ते चार आठवडे मी कसे काढले माझं मला माहीत. बँकेची चूक म्हणावी तर तशी नव्हतीच, आम्हीच गाफील राहिलो.

जोडीदाराच्या व्हिसावर असणाऱ्यांनी तर फारच जपा. सहा महिन्यांच्या पगारपट्ट्या आणि त्याच सहा महिन्यांची स्टेटमेंटं एकमेकांशी जुळवून बघतात. मधेच खातं बदललं तर दोन्ही बँकांची लावावी लागतात.

इंद्रायणी_ते_टेम्स | १२ जानेवारी, रात्री ९:३०

बापरे. आत्ता बसून २०१९ पासूनची सगळी पीडीएफ उतरवली. ८३ फाइली. मोगरा, तुला एक पुरणपोळी लागू.

इंद्रायणी_ते_टेम्स | १४ जानेवारी, सायंकाळी ६:५०

अर्ज अडकला.

कारण काय, तर नाव. पासपोर्टवर माझं नाव, मग बाबांचं नाव, मग आडनाव. २०१९ ला जुन्या बँकेने बाबांचं नावही माझ्याच नावाचा भाग म्हणून चिकटवलं. पगारपट्टीवर बाबा नाहीत. नव्या अर्जात मी सवयीने बाबांना वगळलं. आता नवी बँक म्हणते की जुन्या खात्यावरची व्यक्ती आणि तुम्ही एकच आहात हे आम्हाला कळत नाही.

चाळीस मिनिटं फोन कानाला. पलीकडच्या मुलीला समजावून सांगितलं की आमच्याकडे मधलं नाव वडिलांचं असतं, ते माझं दुसरं नाव नव्हे. ती म्हणाली, "सो यू आर ऑल्सो कॉल्ड…" आणि बाबांचं नाव घेतलं. मी म्हटलं हो बाई, तेही माझंच नाव.

जुना_लंडनवाला | १४ जानेवारी, रात्री १०:०२

हा घोळ पन्नास वर्षांपूर्वीही होता. मी १९७४ साली आलो. खातं उघडायला मालकाचं पत्र लागायचं आणि बँकेचा मॅनेजर समोर बसवून मुलाखत घ्यायचा. माझ्या चेकबुकावर त्याने वडिलांचं नाव आडनाव म्हणून छापलं. लंडनच्या आपल्या महाराष्ट्र मंडळात तेव्हा निम्म्या लोकांची वर्गणी वडिलांच्या नावाने यायची, खजिनदाराचं डोकं फिरायचं.

बेटा, पासपोर्टवर आहे तेच अक्षरशः सगळीकडे लिही. वडील बरोबर असू देत.

लीड्सकर | १४ जानेवारी, रात्री १०:२०

काका 😀🙏

काकांना दुजोरा. पैसे पाठवतानाही आता बँक नाव ताडून बघते आणि जुळलं नाही तर लाल सूचना येते. बँक, पगार, ई-व्हिसा, तिन्हीकडे एकच नाव करून घ्या.

इंद्रायणी_ते_टेम्स | २० जानेवारी, दुपारी १२:४५

पासपोर्ट आणि काउन्सिल टॅक्सचं (इथल्या घरपट्टीचं) बिल घेऊन शाखेत गेले. दहा मिनिटांत काम झालं. आता नव्या बँकेतही मी बाबांसकट आहे. खातं उघडलं, कार्ड यायचंय. स्विचची तारीख आपणच निवडायची असते, मी २ फेब्रुवारी निवडली. जानेवारीचा पगार जुन्यात पडू दे, भाडं जाऊ दे, मग हलू.

हिशेबनीस | २० जानेवारी, दुपारी २:१०

तारीख छान निवडलीत. तुमची दोन डायरेक्ट डेबिट कुठली?

इंद्रायणी_ते_टेम्स | २० जानेवारी, दुपारी २:१८

भाडं आणि काउन्सिल टॅक्स.

हिशेबनीस | २० जानेवारी, दुपारी २:३३

दोन्हीत खोट आहे!

भाडं बहुधा स्टँडिंग ऑर्डर असेल. तुम्ही तुमच्या बँकेला सांगता की दर महिन्याला अमुक रक्कम पाठव, ती स्टँडिंग ऑर्डर. समोरच्याला तुम्ही परवानगी देता की बिलाप्रमाणे ओढून घे, ते डायरेक्ट डेबिट. घरमालक सहसा ओढून घेत नाही. बोनसच्या मोजणीत स्टँडिंग ऑर्डर धरत नाहीत.

काउन्सिल टॅक्स खरंच डायरेक्ट डेबिट आहे, पण बहुतेकांचा तो दहा हप्त्यांत जातो, एप्रिल ते जानेवारी. फेब्रुवारी-मार्च कोरे. तुम्ही २ फेब्रुवारीला हलणार, म्हणजे ६० दिवसांच्या खिडकीत तो बहुधा एकदाही जाणार नाही. काही बँकांना नुसती परवानगी नोंदलेली पुरते, काहींना प्रत्यक्ष पैसे गेलेले लागतात. तुमच्या अटीत 'ॲक्टिव्ह' असा शब्द आहे का बघा.

इंद्रायणी_ते_टेम्स | २० जानेवारी, दुपारी २:५०

आहे 😶

लीड्सकर | २० जानेवारी, दुपारी ३:०५

घाबरू नका, दहा दिवस हातात आहेत. वीज-गॅसचं बिल कार्डाने भरत असाल तर आजच डायरेक्ट डेबिटवर टाका, ते स्वस्तही पडतं. पाण्याचं बिल हे दुसरं. दोन्ही जुन्या खात्यावरच लावा म्हणजे स्विचमध्ये आपोआप येतील. शेवटच्या चार-पाच दिवसांत मात्र नवीन काही लावू नका, अर्धवट अडकतं.

चिंचवडचा_चिकू | २० जानेवारी, रात्री ८:१५

मी नुसताच मजा बघत बसलोय. १७५ पौंड म्हणजे वीस हजारांच्या आसपास. त्यासाठी एवढी यातायात?

मोगरा_२ | २० जानेवारी, रात्री ८:४०

चिकूभाऊ, वीस हजारांसाठी तुम्ही दिवाळीत तीन ॲपची कुपनं जुळवत बसत नाही का?

हिशेबनीस | २१ जानेवारी, सकाळी ९:२०

आणखी एक. काही बँकांत करंट खातं असलं की 'रेग्युलर सेव्हर' उघडता येतो आणि पुष्कळदा तो बोनसच्या तोडीचा निघतो. मी फर्स्ट डायरेक्टचा घेतला तेव्हा दर ७ टक्के होता, महिन्याला जास्तीत जास्त ३०० पौंड, वर्षभर.

इथे लोक भांडायला येतात: वर्षात ३६०० भरले, ७ टक्क्यांनी २५२ व्हायला हवेत, १३६ च कसे मिळाले, बँकेने लुबाडलं. अहो, पहिले ३०० बारा महिने राहिले, शेवटचे ३०० एकच महिना. सरासरीने निम्मीच रक्कम वर्षभर तिथे होती. हिशेब: ३०० ला ७ टक्क्यांनी वर्षाचे २१, महिन्याचे पावणेदोन, गुणिले ७८ महिने (१२ + ११ + १० असं करत १ पर्यंतची बेरीज), साडे एकशे छत्तीस. आपल्या पोस्टाच्या आवर्ती ठेवीचं गणित, दुसरं काही नाही.

कराचं म्हणाल तर स्विचचा एकदाच मिळणारा बोनस सहसा करपात्र धरत नाहीत. व्याज मात्र धरतात, पण मूळ दराच्या करदात्याला वर्षाला १००० पौंडांपर्यंत सूट आहे, वरच्या दराला ५००.

लीड्सकर | २१ जानेवारी, सकाळी ९:४१

अवांतर: फर्स्ट डायरेक्ट आमच्या लीड्सची! १९८९ ला निव्वळ टेलिफोनवर सुरू झालेली बँक, एकही शाखा नाही. गावातल्या मोठ्या अरीनालाही तिचंच नाव आहे.

हिशेबनीस | २१ जानेवारी, सकाळी ९:५५

आणि ती एचएसबीसीची आहे, तेही सांगा की. ठेवींचं संरक्षण १ डिसेंबर २०२५ पासून ८५ हजारांवरून १ लाख २० हजार पौंड झालं, पण ते परवान्यामागे मोजतात. एचएसबीसी आणि फर्स्ट डायरेक्ट मिळून एकच. हॅलिफॅक्स आणि बँक ऑफ स्कॉटलंडचंही तसंच. दोन पाट्या दिसल्या म्हणून दोनदा संरक्षण मिळत नाही.

इंद्रायणी_ते_टेम्स | २ फेब्रुवारी, सकाळी ८:१०

झालं! सकाळी उठले तर जुन्या ॲपमध्ये खातं गायब, नव्यात सगळी शिल्लक. वीज आणि पाणी दोन्ही डायरेक्ट डेबिट यादीत दिसतायत. नवरा तीनदा बेरीज करून पैसे तपासून गेला.

इंद्रायणी_ते_टेम्स | ९ फेब्रुवारी, रात्री ११:२०

आज वाईट वाटलं, म्हणून लिहितेय.

दर महिन्याच्या ५ तारखेला आळंदीला आईच्या खात्यात पैसे जातात. पाठवायचं एक ॲप आहे, त्यात जुन्या बँकेचं डेबिट कार्ड जतन करून ठेवलेलं. डायरेक्ट डेबिट हलतात, स्टँडिंग ऑर्डर हलतात, हे धरून मी निवांत होते. कार्डावर लावलेलं काहीच हलत नाही हे डोक्यातच आलं नाही. खातं बंद झालं तेव्हा कार्डही मेलं. ॲपने ईमेल पाठवला होता, तो जाहिरातींच्या ढिगात पडला.

आज आईचा फोन. आधी हवापाणी, मग नातवाचा खोकला, मग कितीतरी वेळाने, "इंदू, तुमच्याकडे काही ओढ आहे का गं? असेल तर असू दे, माझं भागतंय." चार दिवस ती रोज बँकेत जाऊन पासबुक भरून आणत होती. फोन करून विचारलं नाही. मला अवघड वाटेल म्हणून.

लगेच नवं कार्ड घालून पाठवले. शाळेच्या जेवणाचं खातं, जिम, दोन सिनेमाची ॲप्स, पार्किंग, सगळीकडे तेच मेलेलं कार्ड होतं, ते रात्री बसून बदललं. पैसे पाठवायचं ॲप त्या यादीत पहिलं असायला हवं होतं.

मोगरा_२ | ९ फेब्रुवारी, रात्री ११:३५

अगं... आया अशाच.

जुना_लंडनवाला | १० फेब्रुवारी, सकाळी ६:४५

आम्ही पोस्टल ऑर्डर आणि ड्राफ्ट पाठवायचो. तीन आठवडे लागायचे, त्यामुळे चार दिवसांचं कुणाला काही वाटायचं नाही. आता दोन मिनिटांत जातात म्हणून चौथ्या दिवशी जीव टांगणीला लागतो. आईला सगळं नीट समजावून सांग, बँक बदलली म्हणून. नुसतं "झालं होतं काहीतरी" म्हणू नकोस, ती मनात ठेवेल.

इंद्रायणी_ते_टेम्स | १० फेब्रुवारी, दुपारी १:००

सांगितलं काका. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पैसे देतात म्हणून कुणी बँक बदलतं का? उद्या दुसरा जास्त देईल." मी म्हटलं, हो, तेच तर.

लीड्सकर | १० फेब्रुवारी, दुपारी १:२०

आईंना नियम आमच्या आधी कळला 😀

इंद्रायणी_ते_टेम्स | ६ मार्च, सकाळी ९:०३

आले! १७५.००, समोर 'स्विच' असं लिहून. फेब्रुवारीचा पगार पडला तेव्हा १५०० ची अट पुरी झाली, वीज आणि पाणी दोन्ही एकदा गेलं, त्यानंतर आठवड्याभरात. त्यातले शंभर आईला पाठवले, या वेळी आधी फोन करून.

आता नवऱ्याला एकदम कंठ फुटलाय. म्हणतो आपलं संयुक्त खातं माझ्या एकट्याच्या नावावर स्विच करू आणि मी बोनस घेतो.

हिशेबनीस | ६ मार्च, सकाळी ९:४०

तसं होत नाही, त्यांना सांगा. एकट्याचं खातं संयुक्तात नेता येतं, संयुक्ताचं एकट्यात नाही. संयुक्त ते संयुक्त चालेल, पण तुम्हा दोघांची संमती लागेल. आणि बोनस एकच मिळेल, माणशी नाही.

इंद्रायणी_ते_टेम्स | ६ मार्च, सकाळी ९:५२

संमतीचा भाव ठरवते मग.

जुना_लंडनवाला | ७ मार्च, सायंकाळी ५:१५

धागा पहिल्यापासून वाचला. माझं खातं त्याच बँकेत १९७४ पासून. आमच्या हमरस्त्यावरची शाखा मागच्या वर्षी बंद झाली, आता तिथे कॉफीचं दुकान आहे. तीन मैलांवर पोस्ट ऑफिस चालवतं ते सामायिक बँकिंग हब आहे, तिथे माझ्या बँकेचा माणूस आठवड्यातून एकदा बसतो. मला १७५ नकोत. पायी जाता येईल अशी शाखा असलेली बँक हवी. पेन्शन आपोआप वळेल का? आणि हे सगळं मोबाइलशिवाय होतं का?

इंद्रायणी_ते_टेम्स | ७ मार्च, सायंकाळी ५:५०

काका, होतं. नव्या बँकेच्या शाखेत पासपोर्ट आणि पत्त्याचा एक कागद घेऊन जायचं, स्विच तिथेच करून देतात. पेन्शन वळेल, तरी पेन्शनवाल्यांना एकदा नवा नंबर कळवून ठेवा. तुमच्या घराजवळ कुठल्या बँकेची शाखा उरलीय तेवढं बघून सांगा. आणि दोन्ही मिळत असतील तर बोनसला नाही म्हणू नका.

जुना_लंडनवाला | ७ मार्च, सायंकाळी ६:०५

बघतो. पण चेकबुकावर वडिलांचं नाव आडनावाच्या जागीच राहू द्यावं म्हणतो. बावन्न वर्षं झाली, आता तीच सही बसलीय.